‘नाद करायचा नाय’ म्हणणाऱ्या मुलाशी कसे बोलावे

नववीतला मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि दप्तर कोपऱ्यात टाकतो. आई विचारते, “आज क्लासला गेला नव्हतास का रे? सरांचा फोन आला होता.” मुलगा मान वर न करता म्हणतो, “आपला नाद करायचा नाय,” आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत निघून जातो. आईला पुढे बोलायला जागाच राहत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. गेल्या काही वर्षांत पालकसभेला येणाऱ्या आईवडिलांनी मला या एका वाक्याबद्दल जेवढे विचारले आहे, तेवढे शुद्धलेखनाबद्दलही विचारलेले नाही. “सर, ह्याचं काय करायचं?” या प्रश्नाचे उत्तर सभेतल्या पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. लिहिले आहे ते ‘नाद करायचा नाय’ या वाक्यापुरते. आपल्या मुलाच्या तोंडी दुसरे एखादे वाक्य बसले असेल, तर त्यालाही ते लावून पाहता येईल.

आधी वाक्याचा अर्थ लावावा

मुलाशी बोलायला जाण्यापूर्वी ते वाक्य आपल्याला नीट समजलेले असले पाहिजे, कारण समोरच्या मोठ्या माणसाला आपली भाषा कळते की नाही, हे मुले पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात. ‘नाद’ म्हणजे मूळचा ध्वनी. मराठीत त्याला छंद, वेड, आसक्ती असे अर्थ येऊन मिळाले. कोणी पत्त्यांच्या नादी लागतो, कोणाला बैलगाडा शर्यतीचा नाद असतो, कोणी कबुतरांमागे नादावतो. कोल्हापूर-सांगलीकडे ‘नाद खुळा’ ही सर्वांत मोठी दाद आहे. ती झणझणीत मिसळीला मिळते, कुस्तीच्या मैदानातल्या डावाला मिळते आणि शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेतल्या तालमीच्या संघाने मारलेल्या गोलालाही मिळते. ‘एखाद्याच्या नादाला लागणे’ म्हणजे त्याच्या वाट्याला जाणे, ही त्याच शब्दाची दुसरी बाजू. ‘आमचा नाद करायचा नाय’ हे वाक्य या दुसऱ्या अर्थातून निघाले, पण येताना त्याने पहिल्या अर्थाची ऐटही सोबत आणली. मी कोणीतरी आहे आणि माझ्या वाट्याला येऊ नका, या दोन्ही गोष्टी ते चार शब्दांत सांगते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नेमक्या याच दोन गोष्टी जगाला सांगायच्या असतात.

हे सारे रीलमधून आले, असे पालक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’ ही ओळ गाड्यांच्या मागे आपण सर्वांनीच वाचलेली आहे. रेडियमच्या दुकानात जाऊन गाडीवर असे काही चिकटवून घेणारे, किंवा नंबरप्लेटवरचा ४१४१ हा आकडा ‘दादा’ वाचता येईल अशा वळणाने लिहून घेणारे बहुतेक जण मोठेच असतात. त्याच्याही मागे आपली जुनी, प्रतिष्ठित भाषा उभी आहे. ‘मोडेन पण वाकणार नाही’ आणि ‘शेंडी तुटो वा पारंबी तुटो’ ही वाक्ये आपण मुलांना कौतुकाने शिकवतो, आणि ‘अरेला कारे’ करणारा मुलगा धीट आहे असे पाहुण्यांना सांगतो. मुलाचे वाक्य याच घराण्यातले आहे. हे मान्य केल्याशिवाय पुढचे काहीही साधत नाही, असा माझा अनुभव आहे.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असेही नाही. ‘आयुष्य एकदाच मिळते’ या अर्थाचे इंग्रजी ‘योलो’ हे लघुरूप २०११ साली कॅनडाच्या ड्रेक या रॅपरच्या गाण्यामुळे तिकडच्या तरुणांच्या तोंडी बसले आणि २०१६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात गेले. कोणतेही वेडे धाडस करण्यापूर्वी म्हणायचे वाक्य म्हणून ते वापरले गेले आणि तिकडच्या पालकांनाही तीच चिंता लागली.

दहा दिवस फक्त ऐकावे

एक साधी वही घ्यावी आणि दहा दिवस काहीही न बोलता फक्त नोंद करावी. वाक्य कोणी म्हटले, कोणासमोर म्हटले, त्याच्या आधी काय घडले आणि म्हटल्यानंतर मुलाने काय केले, या चार गोष्टी पुरेशा आहेत. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच आपण विसरतो, कारण वाक्य कानावर पडले की आपला राग तिथेच सुरू होतो. मुलाचा मोबाइल मात्र यासाठी तपासू नये. जे घरात, अंगणात, रिक्षात, शाळेच्या फाटकाशी उघडपणे ऐकू येते, तेवढ्यावर काम होते.

माझ्या वहीतली एक नोंद येथे देतो, कारण हे वाक्य काय करू शकते ते मला त्या दिवशी स्वच्छ दिसले. शाळा सुटल्यावर फाटकासमोरच्या टपरीशी तीन मुले आणि एक स्कूटर होती. स्कूटर त्यांच्यातल्या एकाच्या काकांची. दोघे आधीच बसलेले होते आणि तिसऱ्याला ट्रिपल सीट बसून हायवेपर्यंत जाऊन यायला सांगत होते. तो म्हणाला, “नको, मला क्लास आहे.” त्याच्या हातात सायकलची किल्ली होती आणि ती तो बोटाभोवती गोल फिरवत होता. पुढे बसलेला मुलगा म्हणाला, “स्टेटसला नाद करायचा नाय ठेवतोस, आणि आता शेपूट घालतोस व्हय?” किल्ली फिरायची थांबली. त्याने ती खिशात टाकली आणि तो मागे बसला. मी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. सुदैवाने अर्ध्या तासात तिघेही धडपणे परत आले.

त्या क्षणी मुलाने वाक्य उच्चारलेही नव्हते. आदल्या दिवशी त्याने ते स्टेटसला ठेवले होते, आणि दुसऱ्या दिवशी मित्राने ते हुंडीसारखे त्याच्यापुढे धरून वसूल केले.

दहा दिवसांनंतर वही वाचली की नोंदींचे प्रकार आपोआप वेगळे होतात. काही ठिकाणी वाक्य निव्वळ कौतुकाचे असते: मित्राने षटकार मारला, म्हणून ‘नाद करायचा नाय’. काही ठिकाणी ते थट्टेचे असते. या दोन्हींकडे दुर्लक्ष करावे, आणि ते मनापासून करावे, कारण नोंदींचा मोठा भाग सहसा याच प्रकारांचा निघतो. प्रश्न टाळण्यासाठी घरात केलेला वापर हा तिसरा प्रकार. त्यात खरा विषय वाक्याचा नसून टाळलेल्या प्रश्नाचा असतो. बुडवलेल्या क्लासबद्दल बोलायचे असेल तर क्लासबद्दलच बोलावे. जेथे वाक्यामुळे मुलाला मागे फिरता आले नाही, किंवा जेथे ते दुसऱ्याला धमकावण्यासाठी वापरले गेले, तेवढ्याच नोंदींवर खूण करावी. पुढचे सगळे काम त्या खुणांपुरते आहे.

वाक्य मुलाला कसे बांधते

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली किशोरवयाबद्दल एक कल्पना मांडली, तिला आपण ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हणू. या वयात मुलाला सतत वाटत राहते की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, त्यामुळे एकटा असतानाही तो कोणासमोर तरी वावरत असतो. आज स्टेटस कोणी कोणी पाहिले याची यादीच त्याच्या हातात असल्यामुळे तो प्रेक्षक पूर्वीइतका काल्पनिक राहिलेला नाही. टेम्पल विद्यापीठातले मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला दिला होता. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी थांबवायची की आणखी पुढे रेटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. सोबत मित्र असले की १३ ते १६ वर्षांच्या मुलांचा धोका पत्करण्याकडे कल स्पष्टपणे वाढला. चोविशी ओलांडलेल्या मोठ्यांवर मात्र मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम दिसला नाही.

हे लक्षात घेतले की टपरीसमोरचा प्रसंग उलगडतो. त्या मुलाला ट्रिपल सीटचा धोका माहीत होता. शाळेतल्या रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात त्याने त्यावर घोषणाही लिहिली होती. पण मित्रांसमोर त्याच्याकडे ‘हो’ म्हणायला तयार वाक्य होते आणि ‘नाही’ म्हणायला त्या तोलाचे एकही वाक्य नव्हते. मुलांचे वागणे आणि त्यांची बोली यांचा संबंध मला सर्वांत जास्त येथे दिसतो. वाक्य मुलाला वाईट बनवत नाही. ज्या क्षणी विचार करायला चार श्वास हवे असतात, त्या क्षणी ते त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकते.

कोणत्या चुका टाळाव्यात

पहिली चूक माझ्या हातून झालेली आहे. ‘माझा मित्र’ या निबंधात एका मुलाने लिहिले होते, ‘त्याचा नाद कोणी करायचा नाय.’ मी तांबड्या शाईने त्याखाली रेघ ओढली आणि समासात ‘ग्राम्य भाषा’ असे लिहिले. त्या मुलाचे निबंध तोपर्यंत दोन-दोन पाने भरत असत. पुढे मार्चपर्यंत त्याने मला अर्ध्या पानाच्या वर काही लिहून दिले नाही. त्याची आजी, आई, चुलते सगळे ‘नाय’च म्हणतात, मी त्याच्या वाक्याला नाव ठेवले आणि त्याने ते घराला ठेवलेले नाव म्हणून वाचले. ‘नाय’ चे ‘नाही’ करून घेणे म्हणजे मुलाच्या वागण्यावर काम करणे, असे मला तेव्हा वाटत होते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

बंदी घातली तर वाक्य घराबाहेर जाते आणि तेथे त्याची किंमत वाढते. मोठ्यांनी मुलाशी जवळीक दाखवण्यासाठी स्वतःच ते वाक्य वापरू नये. मुलाला त्यात चेष्टाच दिसते. लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर “आमच्याकडे एक नाद न करायचे साहेब आहेत” असे म्हणून हशा पिकवणे तर कधीच करू नये.

बोलावे कधी आणि कसे

समोरासमोर बसवून बोलू नये. दळण आणायला जाताना, रानातून परत येताना, गाडीवर मागे बसवून नेताना, म्हणजे दोघांची नजर एकाच दिशेला असताना मुले अधिक बोलतात. भावंडे जवळ नसावीत. पहिला प्रश्न वाक्याबद्दल विचारू नये, प्रसंगाबद्दल विचारावा. टपरीवरच्या त्या मुलाशी मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तके लावता लावता बोललो, ते साधारण असे:

“काल गाडीवर बसलास, तेव्हा तुला बसायचं होतं का?”

“तसं काय नाय, सर. पण सगळी बघत होती.”

“आणि बसला नसतास तर?”

“तर महिनाभर चिडवलं असतं. स्टेटस ठेवलेलं ना मी.”

“महिनाभर?”

तो थोडा थांबला. “आठवडाभर तरी.”

महिन्याचा आठवडा झाला, ते माझ्या प्रश्नामुळे झाले नाही. स्वतःचे बोलणे मोठ्याने ऐकल्यावर मुले ते स्वतःच तोलतात, म्हणून प्रश्न विचारून गप्प बसणे आपल्याला जमले पाहिजे. हे अवघड आहे. मलाही दरवेळी जमत नाही, कारण शिक्षकाच्या आणि आईबापाच्या जिभेवर उपदेश तयारच असतो. प्रश्नानंतर मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत, ही अगदी साधी युक्ती मला उपयोगी पडली आहे.

माघारीचे वाक्य मुलासोबत तयार करावे

एवढे बोलणे झाले की मुलाला विचारावे: परत असे झाले तर काय म्हणशील, की गाडीवरही बसावे लागणार नाही आणि मान खालीही जाणार नाही? ‘चुकीचं आहे म्हणून मी येणार नाही’ हे वाक्य आपल्याला आवडते, पण ते टपरीसमोर टिकत नाही. टिकणारे वाक्य छोटे असावे, खरे असावे, आणि जमल्यास दोष बाहेरच्या कशावर तरी टाकणारे असावे. ते मुलाच्या बोलीत आणि मुलानेच रचलेले असावे. आपण फक्त माल पुरवावा.

दुचाकीच्या बाबतीत तो माल कायद्यात भरपूर आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी ही मर्यादा १६ वर्षे आहे, पण आज घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर ५० सीसीच्या पुष्कळ वरच्या असतात, त्यामुळे ती सवलत त्यांना लागू होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. शिक्षेची भीती घालायला म्हणून हे सांगितले तर मुले ऐकत नाहीत. मित्रासमोर वापरायचे कारण म्हणून सांगितले की ती लक्ष देऊन ऐकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने यातून स्वतःचे वाक्य केले: “पंचविशीपर्यंत लायसन नाय, भावा. तू आणून देणार हायस काय?” त्यात ऐट शाबूत होती, आणि मित्रांनाही ते आवडले. तयार झालेले वाक्य घरी चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. मनात बरे वाटणारे वाक्य तोंडातून निघताना अडते.

बोलून सुटका होणार नाही, अशा प्रसंगांसाठी एक खूण ठरवून ठेवावी. “दळण आणलं का?” असा मुलाचा मेसेज आला की आईने किंवा वडिलांनी लगेच फोन करून, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, “आत्ताच्या आत्ता घरी ये” असे म्हणावे. मुलाने कुरकुरत निघून यावे. ही खूण चालायची असेल तर त्या रात्री घरात एकही प्रश्न विचारायचा नाही, ही अट पाळावी लागते. प्रश्न दुसऱ्या दिवशी, शांतपणे विचारावेत. पहिल्याच वेळी उलटतपासणी झाली, तर तो मेसेज पुन्हा येत नाही.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. नववीतल्या एका मुलीने मला सांगितले की एसटी स्टँडवर रोज मागे येणाऱ्या दोन मुलांना तिने एके दिवशी वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, “नाद करायचा नाय.” स्टँडवरच्या आणखी चार मुली तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि ती मुले पुढच्या गाडीची वाट न पाहता निघून गेली. एरवी ती वर्गात उत्तर द्यायलाही उठत नसे. सरसकट बंदी घातली असती, तर तिच्या हातातले तेवढे बळही मी काढून घेतले असते. त्यामुळे वहीतली खूण वाक्यावर न करता प्रसंगावर करावी, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

शिक्षकांसाठी एक तास

मराठीच्या एका तासाला फळ्यावर ‘नाद’ हा शब्द लिहावा आणि मुलांना त्याचे जेवढे वाक्प्रयोग येतात तेवढे लिहायला सांगावे. नादी लागणे, नादावणे, नादिष्ट, नाद सोडणे, नाद खुळा ही सगळी पाच मिनिटांत येतात. मग घरी आजीआजोबांना, ते तरुण असताना कोणती वाक्ये फिरत होती, हे विचारून आणायला सांगावे. दुसऱ्या दिवशी वर्ग खूप हसतो, आणि ज्या वाक्यांसाठी त्या काळी भांडणे झाली ती आज कोणालाच माहीत नाहीत, हे मुलांना आपले आपण दिसते. त्यावर भाष्य करू नये.

बोलण्यापलीकडे गेलेले कधी समजावे

स्टेटसमधल्या वाक्यासोबत कोयता किंवा तलवार दिसू लागली, ‘भाईचा बड्डे’ म्हणून तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ येऊ लागले, मुलाकडे हिशेब न लागणारे पैसे दिसले, किंवा एखाद्या मोठ्या मुलाचे नाव तो सारखे घेऊ लागला, तर वहीचे काम संपले असे समजावे. तलवारीने केक कापल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल झालेले आहेत. अशा वेळी मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एखादा नातेवाईक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावे. मूल धोक्यात असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक, आणि मन बिघडल्याची शंका असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो.

बदल झाला का, हे पाहण्यासाठी महिनाभराने पुन्हा चार दिवस वही उघडावी. वाक्य नाहीसे झालेले नसते आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. टपरीवरचा तो मुलगा ‘नाद करायचा नाय’ अजूनही म्हणतो. मात्र परवा फाटकाशी त्याच मित्रांनी गाडीवर हाक मारली, तेव्हा तो सायकलचे कुलूप काढत म्हणाला, “आज आपल्या सायकलचा नाद करायचा नाय,” आणि घंटी वाजवत त्यांच्या पुढे निघून गेला.